फियाटची जवारी

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. ॲव्हरेज किती देते? स्पेअर मिळतात का? आणि काढायची आहे का? विचारणारे बहुतेक अनोळखी असतात. सिग्नलला शेजारी उभा असलेला स्कूटरवाला, पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा, लग्नाच्या कार्यालयाबाहेर पान खात उभे असलेले मुलीकडचे कोणी काका. नवी कोरी गाडी घेऊन शहरभर फिरा, कुणी तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची फियाट काढा, चार चौक ओलांडेपर्यंत तुमच्या आठ ओळखी होतात. त्यातल्या चौघांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती, आणि ती विकली म्हणून त्या घरात अजून कुणीतरी कुणावर तरी नाराज आहे.

अलीकडे या तिघांत चौथ्या प्रश्नाची भर पडली आहे: ‘हिला आता इलेक्ट्रिक करून घेता येते ना?’ त्याकडे येतोच. पण आधीचे तीन आधी आले आहेत, तेव्हा रांगेने जाऊ.

गाडीची ओळख करून द्यायला हवी. १९७९ सालची. आरसी बुकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात, गॅरेजात आणि उभ्या महाराष्ट्रात ती फियाटच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या, मग इटलीतल्या तुरीनची फियाट ११०० आली. साठच्या दशकात ती ‘डिलाइट’ झाली, सत्तरच्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ आणि नंतर चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’. नावं बदलली, गाडी फारशी बदलली नाही. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. त्यामुळे पुढची सीट सलग, आणि पुढे तिघे आरामात बसत. मागे किती बसत हे त्या काळी कुणी मोजायचं नाही.

ती काय योग्यतेची वस्तू होती हे कळायला एक उदाहरण पुरे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली, किंमत बारा हजार रुपये. घरात सात हजार होते, म्हणून उरलेल्या पाच हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ते गेले, आणि ते कर्ज ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. पंतप्रधानांची ही कथा, तर आमच्यासारख्यांची काय असणार? आधी पैसे भरून नंबर लावायचा, मग वर्षानुवर्षं वाट बघायची. अशी मिळालेली गाडी बिघडली म्हणून कुणी बदलत नसे. ती दुरुस्त होत असे, पुन्हा बिघडत असे आणि पुन्हा दुरुस्त होत असे. दुरुस्ती हा त्या गाडीच्या मालकीचाच भाग होता.

आता पहिला प्रश्न. ॲव्हरेज. शहरात दहा, हायवेला बारा, आणि घाटात तिच्या मर्जीवर. पण किती पिते यापेक्षा काय पिते ही गोष्ट जास्त मजेची आहे. तिने आयुष्यात तीन तऱ्हेची पेट्रोलं पचवली. जन्मली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. शिसं माणसाला वाईट, पण व्हॉल्व्हच्या बैठकीवर त्याचा पातळ थर बसायचा आणि बैठक झिजत नसे. फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. माणसांचं भलं झालं, फियाटच्या बैठका झिजायला लागल्या. मग हेड उतरवून लेथवाल्याकडे नेलं आणि कडक पोलादाच्या बैठका बसवल्या. तिथून वीसेक वर्षं सुखात गेली. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल काही उसाचं, काही धान्याचं. म्हणजे टाकीत पाच लिटर ओतले की त्यातला एक लिटर कुठल्या तरी शेतातून आलेला असतो. कुठल्या साखर कारखान्याच्या चेअरमनलाही कल्पना नसेल की आपल्या उसावर पुण्यात एक १९७९ची गाडी खोकते आहे.

इथेनॉलच्या दोन खोडी. ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे मिस्त्री लोक ज्याला ‘एसी पंप’ म्हणतात त्या पेट्रोलच्या पंपातला पडदा बदलावा लागला, पाइप नव्या रबराचे घालावे लागले. (आमच्या गाडीत एसी आहे का, असं कुणी विचारलं की मी या पंपाच्या जोरावर ‘आहे’ म्हणतो.) दुसरी खोड जास्त वाईट. गाडी महिनाभर उभी राहिली की ओढलेलं पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. धावून जेवढी ती झिजते, त्याहून जास्त ती उभी राहून झिजते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा प्रश्न, स्पेअर मिळतात का. मिळतात. नाना पेठेत काउंटरवर नमुना ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. काउंटरमागचा माणूस तो पार्ट हातात फिरवतो, तुमच्याकडे बघतो, पार्टकडे बघतो आणि विचारतो, ‘ओरिजनल पाहिजे, लोकल पाहिजे, का ओरिजनलसारखं?’ यातलं ओरिजनल संपलेलं असतं. लोकल बसत नाही. ओरिजनलसारखं म्हणजे काय, हे गाडीत बसवल्यावर कळतं. तिथे नाही मिळालं तर रविवारी जुन्या बाजारात जायचं. पितळी समया, मोडके पंखे आणि कुणाकुणाची घड्याळं यांच्या ढिगात, कुठल्या तरी पद्मिनीच्या दाराची मूठ तुमची वाट बघत पडलेली असते. तिथेही नाही मिळालं तर कोल्हापूर आहेच. उद्यमनगरातल्या लेथवाल्याला तुटका तुकडा दाखवला की तो विचारतो, ‘एकच पाहिजे? चार करून ठिवू?’

आणि तरीही खरी अडचण सुट्या भागांची नाही. भाग बनवता येतो. तो कुठला बनवायचा हे सांगणारा माणूस बनवता येत नाही.

आमच्या फियाटला असा माणूस आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही. मध्यंतरी गाडी ‘मिसिंग’ मारायला लागली. चढावर दम लागायचा, सिग्नलला थांबली की अंगभर थरथरायची. चाचांकडे नेली. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. ‘चालू राहू द्या साहेब,’ म्हणाले आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभे राहिले. थोडा वेळ तसेच. मग पुढे आले, बॉनेट उघडलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मुठीला कान लावला. मग प्लगच्या टोप्या एकेक करून काढायला लागले. पहिली काढली, इंजिन लडखडलं. परत लावली. दुसरी काढली, लडखडलं. तिसरी काढली, इंजिनाला पत्ताच नाही. ‘ही बघा,’ म्हणाले, ‘ही बाई पगार घेते, काम करत नाही.’

तिसरा प्लग काळा निघाला. तो साफ झाला. पण चाचांचं समाधान होईना. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून त्यांनी पॉइंट बघितले. खड्डे पडले होते. पॉलिश पेपरने ते घासले. आता दोन पॉइंटमधली फट लावायची, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आत. फीलर गेज शेजारच्या गॅरेजवाल्याने नेलेलं. चाचांनी खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं, फटीत सरकवलं, जरा ओढून बघितलं, स्क्रू आवळला. कार्ड विम्याच्या एजंटाचं होतं. त्या कार्डामुळे कुणाचं तरी खरोखर भलं झालेलं मी प्रथमच बघितलं.

शेवटी कार्ब्युरेटर. त्याला दोन स्क्रू. एक आयडलिंगचा, एक हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. चाचा मिश्रणाचा स्क्रू आत घेत गेले, इंजिन गुदमरलं. बाहेर घेत गेले, इंजिन ढेकर द्यायला लागलं. मग परत आत, अगदी थोडा. एका जागी आल्यावर आवाज बसला. थरथर थांबली. बॉनेटवर ठेवलेल्या कपातल्या चहावरचे तरंगसुद्धा थांबले. चाचा म्हणाले, ‘हं. आता बोलायला लागली.’ बिल झालं तीनशे रुपये. नवा भाग एकही घातला नव्हता. तीनशे रुपये कानाचे होते.

हे बघताना मला मिरज आठवते. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात. घोडी घासायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवून घासायची. कुठे थांबायचं हे कुठल्या पुस्तकात नाही. मग इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला. खटका दाबला की सूर लागलेला, न उतरणारा, न कंटाळणारा, पावसाळ्यात न रुसणारा. पुष्कळांना वाटलं, झालं, आता तंबोरा भिंतीवर. पण तसं झालं नाही. क्लासला, रोजच्या रियाजाला, प्रवासात ती लहानशी पेटी आली, आणि बैठकीत गवयाच्या मागे तंबोरेच राहिले. यंत्राने तंबोऱ्याला घालवलं नाही, रोजच्या राबत्यातून सोडवलं. मात्र उद्या जवारी काढणारा उरला नाही, तर शंभर तंबोरे नवेकोरे असूनही मुके होतील.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते फियाटलाही जसंच्या तसं लागू आहे. विजेच्या गाडीपासून तिला धोका नाही. धोका चाचांच्या गुडघ्यांपासून आहे.

तिसरा प्रश्न, काढायची आहे का. नाही. पण सरकारच्या मनात काय आहे ते कळत नाही. गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. मोटारीच्या नूतनीकरणाला पूर्वी सहाशे रुपये पडत, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये विशीपुढच्या मोटारींना दहा हजार. आरटीओत तपासणीच्या रांगेत उभी असते तेव्हा सगळ्यांत जास्त फोटो तिचेच निघतात आणि सगळ्यांत जास्त पैसेही तिच्याकडूनच. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही असं ठरलं. काही दिवसांतच तो बेत बाजूला ठेवावा लागला, पण ती बातमी वाचली त्या दिवशी मी टाकी फुल्ल केली.

गाडी पन्नाशीची झाली की मात्र चित्र पालटतं. २०२१ साली निघालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. वीस हजार भरायचे, दहा वर्षांची नोंदणी, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं. म्हणजे पंधरा ते पन्नास हा काळ मोटारीला जिकिरीचा. तोवर ती जुनाट, आणि पन्नासाव्या वाढदिवशी एकदम वारसा. आमच्या फियाटला २०२९ पर्यंत दम धरायचा आहे. त्या नोंदणीत एक अट आहे: गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ही अट मी चाचांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘साहेब, पेट्रोल आणि दुरुस्ती सोडून आत्ता तरी ती कुठं जाते?’

सरकारचं चुकतंच असं मी म्हणणार नाही. फियाटच्या मागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाचं तोंड मी आरशात बघितलेलं आहे. तिच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळणारं काही नाही. जे बाहेर पडतं ते निखालस असतं. २०२० साली बीएस सहाचे नियम आले, त्या गाड्या आणि ही गाडी यांच्यात धुराच्या बाबतीत तुलनासुद्धा करू नये. अशा गाड्या हजारोंनी रोज धावाव्यात असं मलाही वाटत नाही. मुंबईत त्या धावत होत्या. काळ्यापिवळ्या पद्मिनींनी तीन पिढ्यांना दादर स्टेशनपासून घरापर्यंत सामानासकट पोचवलं. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, तेव्हा ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डिझेलच्या डबल-डेकर गेल्या, आणि त्यांच्या जागी विजेच्या आल्या. हळहळ वाटली, पण त्या बसच्या मागे उभं राहून श्वास घेतलेल्या माणसाने जपून हळहळावं.

आता चौथा प्रश्न, विजेचा.

पार्किंगमध्ये आमच्या शेजारी एका काकांची इलेक्ट्रिक गाडी असते. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे किलोमीटरला किती पैसे पडले हे दशांशापर्यंत सांगतात. सकाळी सहाला ते टेकडीवर फिरायला गाडी काढतात तेव्हा तिच्याखाली झोपलेल्या मांजरालाही हाक मारून उठवावं लागतं, कारण गाडीचा आवाज नाही. आमची फियाट निघते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वरून विचारतात, ‘आज कुठे?’ फियाट असलेल्या घरातून कुणीही कुणाला न सांगता कुठेही जाऊ शकत नाही. मुलं वयात येत असताना हा फार मोठा आधार असतो.

काकांना चार्जर बसवायचा होता तेव्हा सोसायटीची सभा झाली. मीटर कुणाचा, केबल कुठून, आग लागली तर काय, आणि उद्या सगळ्यांनीच मागितला तर काय. सभा रात्री उशिरा एका उपसमितीवर येऊन थांबली. त्या सभेत काकांच्या बाजूने सगळ्यांत जोरात मी बोललो. लोकांना नवल वाटलं. त्यात नवल काही नाही. गाडीवर सोसायटीची वक्र दृष्टी म्हणजे काय, हे त्या सभेत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

एकदा सकाळी काकांच्या गाडीचं अपडेट चालू झालं. पडद्यावर ‘कृपया थांबा’ अशा अर्थाचं काहीतरी आलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. काकांना डॉक्टरांची वेळ होती. मी फियाट काढली. चोक ओढला, दोन आचके, तिसऱ्याला चालू. काका सलग सीटवर ऐसपैस बसले, त्रिकोणी काच उघडून वारा घेतला, आणि लक्ष्मी रोड येईपर्यंत त्यांनी आपल्या वडिलांच्या गाडीची सगळी हकीकत सांगितली. उलटही होतं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल शिरली की फियाट ढिम्म हलत नाही, आणि मग काका मला सोडतात. या उसनवारीचा हिशेब मांडला तर देणं माझ्याकडेच निघेल. काकांनी तो मांडलेला असणार, बोलत नाहीत.

लोकांना वाटतं वीज नवी आणि पेट्रोल जुनं. मोटारींच्या जगात वीज काही पाठीमागून आलेली नाही. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ज्या मोटारीने पहिल्यांदा ओलांडला, ती १८९९ सालची कामीय जेनाट्झीची गाडी विजेवर चालणारी होती. पेट्रोलची गाडी त्या वेळी हँडल मारून चालू करावी लागे. ते उलटलं तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला असला त्रास नव्हता. मग १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा स्टार्टर आला, म्हणजे एक लहानशी विजेची मोटर आणि बॅटरी. हँडलची कटकट गेली आणि पेट्रोलची गाडी घरोघर पोचली. विजेनेच पेट्रोलला उठवून बसवलं आणि स्वतः शंभर वर्षं मागे बसली. आमच्या फियाटचा सकाळचा पहिला आचका आजही विजेचाच असतो. तेव्हा या दोघींत हाडवैर आहे असं मानायचं कारण नाही.

आपल्याकडेही धागा तुटलेला नाही. कुर्ल्याची फियाट पुढे पुणे जिल्ह्यात रांजणगावला आली, आणि टाटा-फियाटच्या त्याच कारखान्यातून विजेवरची नेक्सॉन बाहेर पडायला लागली. आकुर्डीची चेतक २०२० साली परत आली ती प्लग घेऊनच. पद्मिनी तेवढी परतली नाही. म्हणून लोक विचारतात, हिचंच इंजिन काढून मोटर का बसवत नाही? बसवतात. २०१८ साली विंडसरला राजपुत्र हॅरी लग्नानंतर ज्या जॅग्वार ई-टाइपमधून गेला, ती आतून विजेची होती. अशा किटना आपल्याकडे मान्यता लागते. ती देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. सकाळी फिरायला जाणारे तिच्या कुंपणाशेजारून जातात.

मी चाचांना विचारलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, ‘करा की. वायरिंग मी करून देतो. पण मग साहेब, रविवारी तुम्ही इथं येणार कशाला?’

याला उत्तर नव्हतं. पत्रा गंजायचा तो गंजणारच, दारं कुरकुरायची ती कुरकुरणारच. जाणार काय, तर तो तिसऱ्या सिलिंडरचा हट्ट, तो स्क्रू ड्रायव्हरला लावलेला कान, आणि बॉनेटभोवती जमणारी, न मागता सल्ला देणारी मंडळी. ज्याला रोज ऑफिसला जायचंय त्याने विजेची नवी गाडी घ्यावी. जुन्या गाडीत मोटर घालून तिला पुन्हा नोकरीला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला सोनं लुटायच्या सोहळ्याला निघते. ती भाजी आणायला जात नाही, म्हणूनच टिकली आहे. फियाटच्या नशिबी दसरा चौक नाही, पण रविवार आहे.

चाचांचा एक पुतण्या आहे. तो इलेक्ट्रिक गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला आहे. हातात लॅपटॉप, कपड्यांना तेलाचा डाग नाही. सुटीच्या दिवशी चाचांकडे येतो, कारण डॅशबोर्डखालच्या बारीक वायरी चाचांना आता दिसत नाहीत. मागच्या वेळी चाचा त्याला पॉइंटची फट शिकवत होते आणि तो मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. चाचांनी मोबाइल खाली ठेवायला लावला. म्हणाले, ‘कार्ड ओढताना हाताला लागतं ते व्हिडिओत येतंय का? धर.’ त्याने कार्ड धरलं, ओढलं, आणि ‘थोडं टाइट आहे’ म्हणाला. चाचा काही बोलले नाहीत. स्क्रू ड्रायव्हर तेवढा त्याच्याकडे सरकवला.

या पुतण्याची गरज फक्त फियाटला नाही. बंगळूरची रेवा २००१ साली रस्त्यावर आली. २०५१ साली तीही पन्नाशीची होईल, आणि तेव्हा कुणाच्या तरी पार्किंगमध्ये एखादी रेवा असेलच. तिच्या मालकालाही लोक विचारतील, एका चार्जमध्ये किती जाते, स्पेअर मिळतात का, काढायची आहे का. तिचं बिनसलं की जुन्या बॅटऱ्यांचा आणि जुन्या सर्किटांचा मिजाज ओळखणारा कुणी चाचा लागेल. गाडी कशावर चालते याला फारसं महत्त्व नाही. ती उघडता येते का, आणि उघडल्यावर तिच्यात काय चाललंय हे कळणारा माणूस आसपास आहे का, यावर तिचं आयुष्य ठरतं.

तेव्हा ज्यांच्या दारात, वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात फियाट, ॲम्बॅसिडर, हेरल्ड असं काही ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं आहे, त्यांना हात जोडून सांगणं आहे. रोजच्या कामाला विजेची गाडी खुशाल घ्या, जुन्या गाडीला तेवढीच विश्रांती. पण आठवड्यातून एकदा ताडपत्री काढा. नुसती जागेवर चालू करून बंद करू नका, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. टाकी रिकामी ठेवू नका, पाणी साठतं. घरात पोरगं असेल तर त्याला बॅटरी धरायला बरोबर न्या, आणि मिस्त्री काय ऐकतात ते त्यालाही ऐकू द्या. आणि काम झाल्यावर मिस्त्री तीनशे म्हणाले, तर कृपा करून अडीचशेवर आणू नका.